एचएमसी५८८३एल सेन्सर पहिल्या वाचनानंतर तेच आकडे दाखवत राहतो: सलग मापनाच्या सेटिंगची तपासणी

एचएमसी५८८३एल ही चिप असलेला आणि जीवाय-२७१ या नावाने मिळणारा तीन अक्षांचा चुंबकीय सेन्सर अर्डुइनो किंवा ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडला, प्रोग्राम चढवला, सिरीयल मॉनिटरवर पहिल्या ओळीत एक्स, वाय, झेड या तिन्ही अक्षांचे पटण्याजोगे आकडे आले, पण त्यानंतरच्या प्रत्येक ओळीत हुबेहूब तेच आकडे येत राहिले आणि बोर्ड कितीही फिरवला तरी दिशेचा कोन हलला नाही, ही तक्रार रोबोट, ड्रोन किंवा प्रदर्शनासाठी होकायंत्र तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येते. बहुतेक जण सेन्सर जळाला असे समजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून दुसरा आणतात आणि त्याच प्रोग्रामने त्याचेही तेच होते. यात पैसे वाया जातात हे खरेच, पण त्याहून वाईट असे की उत्तम चालणारी चिप कचऱ्यात जाते आणि मूळ कारण कळतच नाही. जळालेली चिप सहसा पहिली ओळही देत नाही. पहिले वाचन नीट येऊन पुढे आकडे गोठत असतील, तर संशय सेटिंगवर घ्यावा आणि हातात पुरावा येईपर्यंत वायरिंग, कॅलिब्रेशन व कोनाचे गणित यांपैकी कशालाही हात लावू नये.

पुढे रजिस्टरांचे, म्हणजे चिपमधील सेटिंग व मापने साठवणाऱ्या कप्प्यांचे, सर्व क्रमांक आणि त्यांत लिहायची मूल्ये हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरील आकड्यांत, दिली आहेत, त्यामुळे चिपचा पत्ता १ई असे लिहिले असेल तर तो दशमान पद्धतीत ३० समजावा.

पॉवर दिल्यावर चिप कोणत्या अवस्थेत असते

हनीवेलच्या एचएमसी५८८३एल या चिपला सलग मापन हा मोड आपोआप मिळत नाही, हे या तक्रारीचे सर्वांत मोठे मूळ आहे. पॉवर मिळताच तिच्या ०० क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये १०, ०१मध्ये २० आणि ०२ या मोड रजिस्टरमध्ये ०१ ही मूल्ये असतात. यांपैकी पहिल्या दोन मूल्यांचा अर्थ दर सेकंदाला १५ नमुन्यांचा वेग, सरासरीविना एकच नमुना आणि गॉसमागे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) १०९० अंक इतकी संवेदनशीलता असा होतो, आणि त्यांवर काम अगदी व्यवस्थित चालू शकते. अडचण तिसऱ्या मूल्यात आहे, कारण मोड रजिस्टरमधील ०१ म्हणजे एकेरी मापन. या मोडमध्ये चिप एक मापन करते, ते डेटा रजिस्टरांत ठेवते, माहिती तयार असल्याची खूण लावते आणि निष्क्रिय होते. डेटा रजिस्टरे मात्र पुसली जात नाहीत, त्यामुळे आपला प्रोग्राम पुढे हजार वेळा वाचत राहिला तरी त्याला ते एकच जुने मापन मिळत राहते. चिपच्या बाजूने पाहिले तर तिने सांगितलेले काम पूर्ण केलेले असते.

सलग मापनासाठी मोड रजिस्टरमध्ये ०० लिहावे लागते. नेहमीची मांडणी अशी की ००मध्ये ७० लिहावे, म्हणजे आठ नमुन्यांची सरासरी आणि १५ हर्ट्झचा वेग मिळतो, ०१मध्ये २० लिहावे आणि सर्वांत शेवटी ०२मध्ये ०० लिहावे. पुष्कळ प्रोग्रामांत पहिल्या दोन ओळी असतात आणि तिसरी नेमकी गळलेली असते, कारण शून्य लिहिण्याची ओळ वाचणाऱ्याला निरर्थक वाटते आणि कोड आटोपशीर करताना तीच सर्वांत आधी कापली जाते. मोड लिहिल्यावर लगेच वाचू नये. १५ हर्ट्झला दोन मापनांत सुमारे ६७ मिलिसेकंदांचे अंतर असते, तेवढे थांबून मगच पहिले वाचन घ्यावे.

लिहिले म्हणजे पोचले असे नाही

सेटिंग लिहिली एवढ्यावर विश्वास ठेवू नये, तीच रजिस्टरे परत वाचून पाहावीत. सेन्सरशी आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरून बोलणाऱ्या अर्डुइनोच्या वायर लायब्ररीत प्रक्षेपण संपवणारे फंक्शन एक आकडा परत देते, त्यात शून्य म्हणजे यश, दोन म्हणजे त्या पत्त्यावर कोणी उत्तर दिले नाही आणि तीन म्हणजे पत्ता स्वीकारला गेला पण डेटा नाकारला गेला. हा आकडा बहुतेक प्रोग्रामांत वाचलाच जात नाही. तो छापून घेण्याची एक ओळ टाकली तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

त्यानंतर ००, ०१ आणि ०२ ही तीन रजिस्टरे वाचावीत. मोड रजिस्टरचे शेवटचे दोन बिट तेवढे पाहायचे असतात. ते दोन्ही शून्य असतील तरच चिप सलग मापनात आहे, अन्य कोणतीही जोडी दिसली तर ती एकेरी मापनात किंवा निष्क्रिय अवस्थेत आहे. याच खेपेला ०ए, ०बी आणि ०सी ही ओळख-रजिस्टरेही वाचून घ्यावीत. त्यांत अनुक्रमे ४८, ३४ आणि ३३ ही मूल्ये, म्हणजे एच हे अक्षर आणि ४ व ३ हे अंक, मिळायला हवेत.

येथे एक सापळा आहे आणि त्यात सापडलेला माणूस फार हैराण होतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. अर्डुइनोचे रिसेट बटण दाबले किंवा नवा प्रोग्राम चढवला की मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होतो, पण सेन्सरची पॉवर त्यामुळे तुटत नाही. सेन्सर आधीच्या सेटिंगमध्येच बसलेला असतो. समजा सकाळी आपण लायब्ररीसोबतचे उदाहरण चालवले, त्याने मोड रजिस्टरमध्ये ०० लिहिले, आणि नंतर आपण स्वतःचा प्रोग्राम चढवला ज्यात ती ओळच नाही. सेन्सर अजून सलग मापनातच असल्यामुळे आपला अपुरा प्रोग्राम दिवसभर छान चालतो. संध्याकाळी यूएसबी केबल काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर बॅटरी जोडली, की चिप ०१ या मूळ मूल्यावर जागी होते आणि एका वाचनावर थांबते. काल चालत होते आणि आज काहीही न बदलता बंद पडले, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा निघालेली केबल हाच तो बदल असतो. म्हणून सेटिंगशी संबंधित प्रत्येक चाचणीआधी बोर्डाची पॉवर पूर्ण काढून काही सेकंदांनी पुन्हा द्यावी. रिसेट बटणावर घेतलेली चाचणी या बाबतीत ग्राह्य धरू नये.

याची उलट बाजूही पाहायला मिळते. प्रोग्राम बरोबर असतो, सेन्सर काही मिनिटे नीट चालतो आणि मग अचानक गोठतो. मोटर सुरू होताना किंवा ईएसपी३२चे वायफाय प्रक्षेपण करताना ३.३ व्होल्टची लाइन क्षणभर खाली जाते, तेवढ्याने सेन्सर पुन्हा सुरू होतो आणि मायक्रोकंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही. हे ओळखण्याची खूण पक्की आहे. गोठलेल्या अवस्थेत पहिली दोन रजिस्टरे वाचली आणि आपण लिहिलेल्या ७०ऐवजी १० व त्यासोबत मूळ २० मिळाले, तर मधल्या काळात पॉवर गेली होती यात शंका उरत नाही. चिपला २.१६ ते ३.६ व्होल्ट लागतात. बोर्डावरचा रेग्युलेटर ५ व्होल्टवरून हे पुरवतो, पण ब्रेडबोर्डवरची सैल जंपर वायर आणि मोटरसोबत वाटून घेतलेला पुरवठा यांपुढे त्याचा इलाज चालत नाही. मोटरचा पुरवठा वेगळा करावा, बोर्डाच्या पॉवर पिनजवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि वायरी सोल्डर कराव्यात.

मोड बरोबर असूनही आकडे गोठतात तेव्हा

मोड रजिस्टरमध्ये ०० आहे, पॉवर गेलेली नाही, आणि तरीही आकडे हलत नाहीत, अशी एक अवस्था उरते. तिचे कारण डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, स्पष्ट दिलेले असते, पण ते पान सहसा कोणी वाचत नाही. या चिपमध्ये तीन अक्षांसाठी प्रत्येकी दोन अशी सहा डेटा रजिस्टरे ०३ ते ०८ या क्रमांकांवर आहेत. त्यांपैकी काही वाचली आणि काही वाचायची राहिली, तर एकाच क्षणाच्या मापनातील तीन अक्ष वेगवेगळ्या क्षणांच्या आकड्यांत मिसळू नयेत म्हणून चिप ती सहाही रजिस्टरे कुलूपबंद करते. सहाही बाइट वाचले गेले, मोड किंवा कॉन्फिगरेशन बदलले, किंवा पॉवर काढून परत दिली, तरच हे कुलूप उघडते.

आता कोन काढण्यासाठी आडवे दोनच अक्ष लागतात, म्हणून चारच बाइट मागवले की काय होते ते पाहावे. पहिल्या वाचनाला चार बाइट येतात, उरलेले दोन तसेच राहतात, कुलूप लागते, आणि प्रोग्राम दर वेळी ०३पासून पुन्हा तेच चार बाइट वाचत बसतो. मोड सलग मापनाचाच असतो, पण नवे मापन बाहेर यायला वाट नसते. ०९ हे स्टेटस रजिस्टर वाचले तर हे समोरच दिसते. त्याचा शून्य क्रमांकाचा बिट नवी माहिती तयार असल्याचे सांगतो आणि एक क्रमांकाचा बिट कुलूप लागल्याचे सांगतो. हा दुसरा बिट १ दिसत असेल तर कारण सापडले असे समजावे आणि वाचन सहा बाइटांचे करावे, मग त्यांतले दोन पुढे वापरायचे नसले तरी चालेल.

चार बाइट वाचणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक चूक येते. या चिपमध्ये बाइटांचा क्रम एक्स, झेड, वाय असा आहे आणि प्रत्येक अक्षाचा वरचा बाइट आधी येतो. म्हणजे पहिल्या चार बाइटांत वाय नसतोच, झेड असतो. हिची पूर्वज असलेल्या एचएमसी५८४३ या चिपचा पत्ता हाच आहे, ओळखीची अक्षरेही हीच आहेत, पण तिचा क्रम एक्स, वाय, झेड असा आहे. त्यामुळे जुन्या चिपसाठी लिहिलेला कोड येथे तक्रार न करता चालतो आणि कोन मात्र चुकीचा देतो. हा दोष गोठण्याइतका ठळक नसल्यामुळे मला तो अधिक धोक्याचा वाटतो.

स्टेटस रजिस्टर वाचल्यावर चिपचा अंतर्गत निर्देशक पुढे सरकलेला असतो, म्हणून प्रत्येक डेटा वाचनाआधी ०३ हा क्रमांक पुन्हा पाठवावा. फक्त डेटाच वाचत राहिलो तर ०८ झाल्यावर निर्देशक आपोआप ०३वर येतो, परंतु मध्ये दुसरे काही वाचले की हा हिशेब मोडतो.

वेगाबाबतचा गैरसमज लगेच दूर करता येतो. १५ हर्ट्झला नवे मापन ६७ मिलिसेकंदांनी येते आणि लूप दर पाच मिलिसेकंदांनी वाचत असेल, तर एकच त्रिकूट दहाबारा वेळा छापले जाणे स्वाभाविक आहे, ते गोठणे नव्हे. अधिक वेग हवा असेल तर ००मध्ये ७८ लिहावे म्हणजे ७५ हर्ट्झ मिळतात, आणि माहिती तयार झाल्याची सूचना देणारी डीआरडीवाय पिन किंवा स्टेटसमधील तयारीचा बिट पाहूनच वाचावे. याच रजिस्टरचे शेवटचे दोन बिट शून्य आहेत ना, हेही पाहावे. स्वयंचाचणी घेताना ७१ लिहिले आणि परत ७० लिहायचे राहून गेले, तर चिप प्रत्येक मापनात स्वतः निर्माण केलेल्या सुमारे १.१ गॉसच्या क्षेत्राचाच आकडा देते. पृथ्वीचे क्षेत्र त्यातून वजा केले जाते, त्यामुळे बोर्ड फिरवल्यावर मोठ्या आकड्यात फार तर किरकोळ बदल दिसतो आणि पाहणाऱ्याला तो गोठल्यासारखा वाटतो.

एखादा अक्ष सतत -४०९६ दाखवत असेल, तर मोडशी त्याचा संबंध नाही. ती मर्यादा ओलांडल्याची खूण आहे. जवळ स्पीकर, मोटर किंवा पोलादी स्क्रू आहे का ते पाहावे किंवा ०१ रजिस्टरमधील संवेदनशीलता कमी करावी. संवेदनशीलता बदलल्यानंतरचे पहिले मापन जुन्याच प्रमाणावर येते, ते टाकून द्यावे.

कोन २२५ अंशांवर अडकला असेल तर चिपच वेगळी आहे

तिन्ही अक्ष -१ आणि कोन नेमका २२५ अंश, हे दृश्य ओळखून ठेवण्यासारखे आहे. वायर लायब्ररीला उत्तरच मिळाले नाही तर तिचे वाचन -१ देते, दोन्ही बाइट जोडूनही -१च उरते, आणि -१ व -१ यांचा कोन -१३५ अंश, म्हणजे ३६० मिळवल्यावर २२५ येतो. थोडक्यात सेन्सर एक शब्दही बोललेला नसतो. अशा वेळी आयटूसी स्कॅनर, म्हणजे जोडलेल्या चिपचे पत्ते शोधणारा छोटा प्रोग्राम, चालवावा. १ईऐवजी ०डी हा पत्ता दिसला, तर बोर्डावर एचएमसी नसून क्यूएसटी या कंपनीची क्यूएमसी५८८३एल आहे. हनीवेलने मूळ चिपचे उत्पादन थांबवल्यानंतर जीवाय-२७१ याच नावाच्या बोर्डांवर बहुतांशी हीच चिप येते. भिंगातून पाहिल्यास मूळ चिपवर एल८८३ आणि हिच्यावर डीए५८८३ असे लिहिलेले दिसते.

ही चिप वाईट नाही, परंतु तिची सेटिंग पूर्ण वेगळी आहे आणि सलग मापनाच्या बाबतीत तर अगदी उलट आहे. एचएमसीमध्ये मोडचे दोन बिट ०० म्हणजे सलग मापन, तर क्यूएमसीमध्ये ०० म्हणजे विश्रांती आणि ०१ म्हणजे सलग मापन. त्यामुळे केवळ पत्ता बदलून जुना कोड चालवण्याचा प्रयत्न करू नये. हिच्यात आधी ०बी या रजिस्टरमध्ये ०१ लिहावे आणि नंतर ०९मध्ये १डी लिहावे, ज्यातून सलग मापन, २०० हर्ट्झचा वेग, ८ गॉसची कक्षा आणि ५१२चे नमुना-प्रमाण एकाच बाइटात ठरते. डेटा ०० ते ०५ या क्रमांकांवर एक्स, वाय, झेड अशा सरळ क्रमाने असतो आणि खालचा बाइट आधी येतो. स्टेटस रजिस्टर ०६ आहे. येथेही सहा बाइट एकत्रच वाचावेत. स्कॅनरमध्ये २सी हा पत्ता आला, तर ती क्यूएमसी५८८३पी ही आणखी वेगळी चिप आहे आणि तिला वरील क्रमांक लागू पडत नाहीत, तिची स्वतःची डेटाशीटच वापरावी.

दुरुस्तीनंतर आकडे खरे आहेत हे कसे पाहावे

आकडे हलू लागले एवढ्यावर समाधान मानू नये. तिन्ही अक्षांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे. महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची एकूण तीव्रता ०.४ गॉसहून थोडी अधिक आहे, म्हणून गॉसमागे १०९० एककांच्या सेटिंगला हे वर्गमूळ साधारण साडेचारशेच्या आसपास यावे. क्यूएमसीमध्ये ८ गॉसच्या कक्षेला गॉसमागे ३००० एकक असतात, तेथे ते सुमारे तेराशे येते. बोर्ड कोणत्याही दिशेला वळवला तरी हा आकडा फारसा बदलू नये. तो दुपटीने वर-खाली होत असेल तर जवळपास लोखंड किंवा विद्युतप्रवाह आहे. हा उपद्रव किती लांबवर पोचतो याची साक्ष आपल्याकडेच आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापने १९०४मध्ये अलिबागला हलवावी लागली. आपला सेन्सर तर मोटरच्या तारेपासून काही सेंटिमीटरवर बसवलेला असतो, त्याला शक्य तितका उंच दांड्यावर न्यावा.

यंत्र तासन्‌तास चालणार असेल तर प्रोग्राममध्येच पहारा ठेवावा. दर काही सेकंदांनी मोड रजिस्टर वाचावे आणि शेवटचे दोन बिट अपेक्षेप्रमाणे नसतील तर तिन्ही सेटिंग नव्याने लिहाव्यात. त्याखेरीज सहाही बाइट सलग वीस नव्या मापनांत जसेच्या तसे आले, तर ते गोठणे समजून तेच करावे, कारण चालत्या सेन्सरमध्ये शेवटचा अंक टेबलावर स्थिर ठेवलेल्या बोर्डावरही थोडा हलतच असतो. अशा प्रत्येक वेळी स्टेटसचे आणि सेटिंगच्या तिन्ही रजिस्टरांचे जुने मूल्य वेळेसह नोंदवून मगच नवी लिहावीत. नोंदीत ००मध्ये १० दिसले तर पुरवठा तपासावा, ७० कायम असून स्टेटसमध्ये कुलपाचा बिट लागलेला दिसला तर वाचनाचा कोड तपासावा, आणि ७० कायम असून फक्त मोड बदललेला दिसला तर त्याच आयटूसी लाइनवर दुसरी एखादी लायब्ररी याच पत्त्यावर लिहीत आहे का ते शोधावे.